निर्वात पोकळीत धूळ येते कुठून?

रानफूल
सांगलीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात केंद्रकीय संमीलन (फ्यूजन) शिकवताना फळ्यावर टोकामॅकचं, म्हणजे ते घडवणाऱ्या यंत्राचं, चित्र काढलं. मेदुवड्याच्या आकाराची पोकळी, भोवती चुंबक, आत प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, हे आतून झाडतात कसं?" वर्ग हसला. मी म्हटलं, आत हवाच नाही, तिथे धूळ कुठून येणार?

घरी येऊन वाचायला बसले आणि थबकलेच. फ्रान्समध्ये कादाराशला जे इटर नावाचं प्रचंड आंतरराष्ट्रीय टोकामॅक यंत्र उभं राहतंय, त्यात आत किती धूळ साठू द्यायची याला मर्यादा घातली आहे, आणि ती आहे १००० किलो. एक टन!

मी वर्गाला चुकीचं सांगितलं. सोमवारी ते दुरुस्त करायचं आहे आणि त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे. ही धूळ येते कुठून, तिनं बिघडतं काय आणि ती काढतं कोण? जाणकारांनी सांगावं.

शंकासुर
टंकनदोष असणार. १००० ग्रॅम म्हणायचं असेल.

पोकळीतला
टंकनदोष नाही, किलोच.

रानफूलताई, "हवा नाही म्हणून धूळ नाही" हे घरातल्या धुळीला लागू पडतं, कारण ती बाहेरून येते. या यंत्रातली धूळ भिंतीचीच असते.

प्लाझ्मा चुंबकांनी कितीही धरून ठेवला तरी कडेचे कण निसटतात आणि भिंतीवर आपटतात. आपटताना भिंतीचा एखादा अणू उडतो. आमच्या धंद्यात याला स्पटरिंग म्हणतात. उडालेला अणू दुसरीकडे जाऊन बसतो, तिथून पुन्हा उडतो, पुन्हा बसतो. असं करत करत शेवटी जिथून कोणी उठवणार नाही अशा थंड, आडोशाच्या जागी मुक्काम करतो. तिथे पुटावर पूट चढतं. पूट जाड झालं की त्यात ताण साठतो, तडे जातात आणि पोपडे सुटतात. त्या पोपड्यांचा चुरा म्हणजे तुमची धूळ.

मी आयुष्यभर निर्वातात धातूचे लेप चढवण्याच्या यंत्रांवर काम केलं. फ्यूजनशी संबंध नाही, पण पोपडे तेच. नको तिथे लेप बसू नये म्हणून चेंबरच्या आत पत्र्याची आवरणं लावलेली असायची. बऱ्याच बॅच झाल्या की ती बदलायला दार उघडायचो. हवेतला दमटपणा आत शिरला की आवरणांवरचा लेप फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागायचा. मग नखाएवढे पोपडे गळून तळाशी पडायचे, एका अंगाला आरशासारखे, दुसऱ्या अंगाला काजळकाळे. लेप चालू असताना असा एखादा पोपडा मालावर पडला की तो नग भंगारात. आवरणं वेळेवर काढून वाळूच्या माऱ्यानं साफ करणं हे आमच्याकडे मुख्य कामाइतकंच महत्त्वाचं मानलं जायचं.

नीलिमा_के
वाचनखूण साठवली. "आरशासारखे आणि काजळकाळे" डोळ्यांसमोर आले.

एमएस्सी_दुसरं_वर्ष
पोकळीतलाकाकांच्या उत्तरात भर. स्पटरिंग ही संथ झीज झाली. धसमुसळे मार्गही आहेत. कधी कधी प्लाझ्मा काही मिलिसेकंदांत कोसळतो, त्याला डिसरप्शन म्हणतात. सगळी ऊर्जा एका झटक्यात भिंतीवर पडते आणि पृष्ठभाग वितळतो. इंग्लंडमधल्या जेट नावाच्या टोकामॅकमध्ये वरच्या बाजूच्या बेरिलियमच्या फरशा अशाच वितळल्या. फोटोत धातू धबधब्यासारखा ओघळून जागच्या जागी गोठलेला दिसतो. अशा वेळी जे थेंब उडतात ते गोठून गोल गोल कण होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पोपड्याचा चुरा कंगोरेदार असतो आणि वितळलेल्या थेंबाचा कण मोहरीसारखा गोल, म्हणून कणाच्या आकारावरून त्याचा जन्म कसा झाला ते सांगता येतं. शिवाय भिंतीवर बारीक ठिणग्या चालतात, त्यांनीही कण उडतात.

तांब्याभांडं
म्हणजे जमिनीवर सूर्य आणून ठेवला तरी केर रोजचाच. आमच्या आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिला काडीचं नवल वाटलं नसतं.

साबरमतीकाठी
मी गांधीनगरला असते, काम या क्षेत्राच्या कडेकडेचं. इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य टोकामॅक १९८९ पासून चालतो आहे, आता त्याचं सुधारलेलं रूप आदित्य-यू. इटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला पोटात घेणारं ३० मीटरच्या आसपासचं स्टीलचं पात्र, तेही भारतानं दिलं, सुरतेजवळ हजिऱ्याला त्याचे भाग घडले. त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

रानफूल, तुमच्या "बिघडतं काय" या प्रश्नाला जेटमधली १९९७ची गोष्ट हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वेळी जेटची आतली भिंत कार्बनची होती. कार्बन वितळत नाही, उष्णता सोसतो, प्लाझ्मात थोडा मिसळला तरी फार नुकसान करत नाही. सगळ्यांचा लाडका. एकच खोड: हायड्रोजनशी त्याचं जमतं. हायड्रोजनचा मारा झाला की मिथेनसारखे वायू तयार होतात आणि भिंत कुरतडली जाते. त्या वर्षी जेटमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचेच दोन जड प्रकार, ट्रिटियम किरणोत्सारी) इंधन वापरून १६ मेगावॉटचा विक्रम झाला. सगळे आनंदात. मग हिशेब मांडला. आत सोडलेलं ट्रिटियम होतं ३५ ग्रॅमच्या आसपास. महिनोन्‌महिने साफसफाईचे प्रयोग करूनही त्यातलं ६ ग्रॅमच्या घरातलं परत आलंच नाही.

ते गेलं होतं मोरीत. डायव्हर्टर म्हणजे या यंत्राची मोरी. वापरलेले कण, हेलियमची राख, सगळं तळाशी तिथे वाहून येतं. जेटच्या मोरीच्या आतल्या कोपऱ्याच्या मागे खिडकीच्या लूव्हरसारख्या पट्ट्या होत्या, पाण्यानं थंड ठेवलेल्या. प्लाझ्माला त्या दिसतही नव्हत्या. कार्बन आणि हायड्रोजनचे तुकडे उडत उडत त्या आडोशाला पोचले आणि थंड पत्र्यावर बसले. बसताना ट्रिटियम बरोबर घेऊन बसले. थर ४० मायक्रॉनपर्यंत जाड झाला, सुटला आणि पोपडे खाली पडले, जिथे झाडू पोचत नाही अशा ठिकाणी.

१ ग्रॅम ट्रिटियम म्हणजे जवळजवळ १०,००० क्युरी इतका किरणोत्सार. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, निसर्गात ते जवळपास नसतंच. इटरच्या पात्रात एका वेळी ट्रिटियम अडकून राहण्याची मर्यादा १ किलोची आहे. भिंत कार्बनची ठेवली असती तर ती फार तर काही शे पल्समध्ये (पल्स म्हणजे प्लाझ्मा पेटवून विझेपर्यंतची एक खेप) गाठली गेली असती. कार्बनचा निरोप त्या पोपड्यांनी लिहिला असं मला नेहमी वाटतं.

रानफूल
साबरमतीकाठी, मोरीची उपमा वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते. अंगावर काटा आला वाचताना. विक्रमाची बातमी सगळीकडे सापडली, हे कुठे वाचलं नव्हतं.

इचलकरंजीकर
सूतगिरणीत वीस वर्षं काढली. आमच्याकडे तूस साठू देणं म्हणजे आगीला आवतण. पिठाची गिरणी, साखर कारखाना, सगळीकडे तेच, बारीक भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की भडका. धातूची भुकटीही पेट घेते हे ऐकून आहे. तर १००० किलोची मर्यादा आगीपायी आहे का?

साबरमतीकाठी
इचलकरंजीकर, बरोबर जागी बोट ठेवलंत. चालू यंत्रात हवा नसते, म्हणून पेटायला काही नाही. भीती अपघाताची. भिंतीच्या मागे थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्या आहेत. एखादी फुटली तर वाफ आत येते. तापलेल्या बेरिलियम किंवा टंगस्टनच्या भुकटीशी वाफेची गाठ पडली की हायड्रोजन सुटतो. त्यातच कुठून हवा शिरली तर तुमची गिरणीच झाली. गरम पृष्ठभागांवरच्या धुळीचा विचार म्हणूनच वेगळा, आणि जास्त कडक केला जातो. एकाच धातूची अखंड फरशी वाफेत निवांत बसते, त्याचीच भुकटी बसत नाही, कारण उघडा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढलेला असतो.

दुसरं कारण, पात्र फुटलं तर बाहेर उडू शकेल अशी गोष्ट भिंत नसते, धूळ असते. आणि तिच्या अंगाखांद्यावर ट्रिटियम असतं. बेरिलियमची भुकटी तर नुसती श्वासात गेली तरी फुप्फुसाचा कायमचा आजार देऊ शकते.

एक टन ऐकायला मोठं वाटतं. टंगस्टनची घनता १९.२५. म्हणजे एक टन टंगस्टन भरीव असेल तर ५२ लिटर, दोन मोठे हंडे. आणि ती धूळ ८३० घनमीटर प्लाझ्मा मावणाऱ्या यंत्रात, शेकडो चौरस मीटर भिंतींच्या फटीफटींत पसरलेली. मोजायची कशी, हाच मोठा प्रश्न आहे.

शंकासुर
मला एक पटत नाही. आत १५ कोटी अंश तापमान. धुळीचा कण आत पडला तर क्षणात वाफ होईल. त्यानं प्लाझ्माचं काय बिघडणार? किंवा उलट, बिघडत असेल तर एका कणानं यंत्र बंद पडायला हवं. दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा.

एमएस्सी_दुसरं_वर्ष
शंकासुर, मी गणितच करून बघितलं.

टंगस्टनचा अणू ७४ इलेक्ट्रॉनांचा. प्लाझ्माच्या गाभ्यातही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, आणि उरलेले सतत प्रकाश, क्ष-किरण फेकत राहतात. म्हणजे गाभ्यातली उष्णता बाहेर. म्हणून टंगस्टनचं प्रमाण लाखात काही अणू इतकंच चालतं.

आता ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण घ्या. वजन १० मायक्रोग्रॅम. तो सगळा प्लाझ्मात विरघळला असं धरू. फ्रान्समधल्याच वेस्ट यंत्रात प्लाझ्मा १५ घनमीटर. तिथल्या घनतेला प्रमाण येतं लाखात साधारण साडेपाच. म्हणजे एवढासा कण मर्यादेच्या उंबरठ्यावर नेतो. तोच कण इटरमध्ये पडला तर कोटीत चार. काहीच होणार नाही. इटरला हलवायला निदान अर्ध्या मिलिमीटरचा पोपडा हवा.

मिठाचा तोच खडा आमटीच्या वाटीत पडला तर तोंड वाकडं होतं, पंगतीच्या हंड्यात पडला तर कळतही नाही. तुमची दोन्ही विधानं खरी आहेत, भांडं किती मोठं यावर.

पोकळीतला
शाब्बास! एक दुरुस्ती: सगळा कण गाभ्यापर्यंत पोचत नाही, बराचसा कडेलाच बाष्प होऊन परत भिंतीकडे जातो. त्यामुळे तुझे आकडे वरची मर्यादा समज. पण पद्धत बरोबर.

शंकासुर
पटलं. आमटीसकट.

कोळीष्टक
अवांतर: "संमीलन" की "एकीकरण"? आमच्या वेळी पुस्तकात "संमीलन" होतं, वर्तमानपत्रं "अणुसंयोग" लिहितात. आणि फ्यूजन रिॲक्टरला "अणुभट्टी" म्हणावं का? भट्टी म्हटलं की लोकांना चेर्नोबिल आठवतं.

नीलिमा_के
संमीलन छान आहे, डोळे मिटल्यासारखं वाटतं खरं. पण प्लाझ्मासमोरच्या भिंतीवर बसलेल्या थराला "पूट" आणि सुटलेल्याला "पोपडा" हे दोन शब्द या धाग्यावर मिळाले. इतके नेमके शब्द पाठ्यपुस्तकात का येत नाहीत कळत नाही.

शंकासुर
मूळ मुद्द्यावर येतो. कार्बन काढून टंगस्टन लावला की प्रश्न मिटला ना? जेटनं २०११ मध्ये टंगस्टनचा डायव्हर्टर आणि बेरिलियमची भिंत लावून पुन्हा यंत्र चालवलं. अडकून राहणारं इंधन दहा-वीसपट घटलं, आणि नंतर गोळा केलेली धूळ कार्बनच्या काळाच्या मानानं शंभरेक पटीनं कमी, जेमतेम एक-दोन ग्रॅम. इटरनं तर २०२३ मध्ये बेरिलियम सोडून सगळीच भिंत टंगस्टनची करायचं ठरवलं. जर्मनीतल्या गार्शिंगच्या यंत्रानं २००७ पर्यंत पूर्ण टंगस्टन करून दाखवलं होतं. मग आता काळजी कसली?

साबरमतीकाठी
शंकासुर, आकडे बरोबर, निष्कर्षाशी असहमत. तीन कारणं, आणि यातल्या तिसऱ्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

जेटचे पल्स काही सेकंदांचे. लांब चालणाऱ्या यंत्रांची कहाणी वेगळी आहे. जपानमध्ये तोकी गावी एलएचडी नावाचं यंत्र आहे. २०१३ मध्ये तिथे ४८ मिनिटं सलग प्लाझ्मा चालला. तिथली भिंत स्टीलची, मोरी कार्बनची. दोन्हीचा मिश्र थर आडोशाला बसत गेला, आणि तिथले कित्येक लांब प्रयोग संपले ते पोपडा सुटून प्लाझ्मात पडल्यामुळे. वेस्टनं फेब्रुवारी २०२५ मध्ये १३३७ सेकंदांचा विक्रम केला. तिथे टंगस्टनची मोरी आहे, तरी तिच्या आतल्या बाजूला थर साठले आणि त्यांचे पोपडे प्लाझ्मात शिरलेले कॅमेऱ्यात दिसले. मी अशी चित्रं पाहिली आहेत. पडद्यावर जांभळट धूसर कडा, आणि तिच्यातून एक पांढरा ठिपका काजव्यासारखा तिरपा जातो. पुढच्या चार-पाच फ्रेममध्ये सगळी कड उजळते, मग अंधार.

दुसरं, हेलियम. संमीलनातून हेलियम तयार होतोच. टंगस्टन ७०० ते १७०० अंशांच्या दरम्यान तापलेला असेल आणि त्यावर हेलियमचा मारा झाला तर पृष्ठभागावर नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची लव उगवते. चकचकीत धातू मखमलीसारखा काळाभोर होतो. ही लव किती टिकते, किती झडते, यावर अजून काम चालू आहे.

आणि तिसरं, बोरॉन. टंगस्टनच्या भिंतीवर ऑक्सिजन वगैरे भटके वायू पकडून ठेवायला अधूनमधून बोरॉनचं पातळ अस्तर देतात. इटरनंही नव्या आराखड्यात त्याची सोय केली आहे. पण बोरॉनही हलका, उडतो, आडोशाला बसतो आणि बसताना ट्रिटियम धरतो. १९९७च्या लूव्हरची पाटी वेगळ्या धातूनं पुन्हा लिहिली जाऊ नये, म्हणून आत्ताच जागं राहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एमएस्सी_दुसरं_वर्ष
ताई, बोरॉन धातू नाही, अर्धधातू. :)

साबरमतीकाठी
मान्य! घाईत लिहिलं.

डिडकॉटवाली
धागा आज दिसला. मी इंग्लंडमधल्या कलम (Culham) गावाच्या शेजारीच राहते, जेट तिथेच होतं (डिसेंबर २०२३ मध्ये शेवटचा पल्स झाला, त्याच वर्षी ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल काढून गेलं). रानफूलताईंच्या विद्यार्थिनीच्या "झाडतात कसं" या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही अजून, म्हणून लिहिते.

१९९७ नंतर आत किरणोत्सार इतका होता की माणूस पाठवणं शक्यच नव्हतं. १९९८ मध्ये डायव्हर्टरच्या फरशा सगळ्याच्या सगळ्या दूरनियंत्रणानं बदलल्या. लांब सांधेदार दांडा खिडकीतून आत जातो, त्याच्या टोकाला मॅस्कॉट नावाचे दोन यांत्रिक हात. बाहेरच्या खोलीत माणूस तसेच दोन हात धरून बसतो. तो जे करतो ते आतले हात करतात, आणि आतल्या हाताला जे जाणवतं ते बाहेर परत जाणवतं. पोपडे आणि धूळ सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं भांडं) जोडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेतली.

एकदा लोकांसाठी खुल्या दिवशी सरावाचे हात धरायला मिळाले होते. एक नट बोल्टवर बसवायचा, एवढंच काम. नट आट्यांवर नीट बसला की हाताला बारीकशी कड लागते, वाकडा बसला तर लागत नाही. डोळ्यांनी पडद्यावर काही कळत नव्हतं, बोटांनाच कळलं. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, याचा हात बसायला वर्षं जातात. केर काढायला इतकं शिकलेला माणूस लागतो, हे तुमच्या वर्गाला जरूर सांगा.

इचलकरंजीकर
धागा जोडणाऱ्या पोरीही असंच सांगायच्या. तुटलेलं सूत डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं.

पोकळीतला
रानफूलताई, एक सुचवतो. माळ्यावर जुना पिवळा बल्ब असेल तर बघा. खूप जळलेल्या बल्बची काच आतून काळी पडलेली असते. तो टंगस्टनच आहे, तारेवरून उडून थंड काचेवर बसलेला. मुलांच्या हातात देण्याजोगं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

रानफूल
सोमवारचा तास झाला.

आधी सांगितलं की मागच्या वेळी मी चुकले होते. मग बल्ब दिला. माझ्या सासूबाईंच्या खोलीतला, बंद पडून सात-आठ वर्षं झालेला. मोरी, लूव्हर, पोपडे, यांत्रिक हात, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी बल्ब मागच्या बाकांवर फिरत होता.

ती मुलगी शेवटी टेबलापाशी आली, बल्ब उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "बाई, डाग सगळीकडे नाही. पितळी टोपीजवळच आहे. अणू उडाले असतील तर सगळीकडे उडाले असतील, मग एकाच बाजूला का बसले?" मी या वेळी अंदाज सांगितला नाही. उद्या सांगते म्हटलं. काका?

पोकळीतला
या मुलीला माझा नमस्कार सांगा.

तो बल्ब छताला उलटा टांगलेला असणार, टोपी वर, काच खाली. जुन्या बल्बमध्ये निर्वात नसतो, आर्गॉनसारखा वायू भरलेला असतो. तारेजवळचा वायू तापून वर जातो आणि टंगस्टनची वाफ बरोबर नेतो, म्हणून डाग टोपीकडे. बल्ब टेबललॅम्पमध्ये उभा जळला असता तर डाग काचेच्या शेंड्याला आला असता. वायू नसलेला बल्ब असता तर सगळी काच सारखी काळवंडली असती.

टोकामॅकमध्येही अणू उडतात सगळीकडून, पण कडेच्या प्लाझ्माचा प्रवाह त्यांना वाहून नेतो. जेटमध्ये मोरीची बाहेरची बाजू झिजत होती आणि आतली बाजू थर धरत होती. साबरमतीकाठींनी सांगितलेले लूव्हर आतल्या बाजूलाच होते, ते याच कारणानं. तिला म्हणावं, डाग कुठे आहे हे आधी बघायचं आणि वारा कुठून कुठे वाहत होता ते त्यावरून काढायचं. हे काम करणारी माणसं प्रत्येक वेळी यंत्र उघडल्यावर फरशा काढून नेमकं तेच बघतात.

रानफूल
टेबललॅम्पमधला जुना बल्ब शोधते आहे. कुणाकडे असेल तर फेकू नका, मला कळवा.